नक्कल आणि पत्ता

दैनंदिन व्यवहारात आपण आपली अनेक कामे दुसऱ्यावर सोपवितो. कपडे शिवावयाचे असल्यास शिंप्याकडे जातो, दळण असल्यास ते गिरणीत देतो, घर रंगवावयाचे असल्यास रंगाऱ्याला बोलावितो. काम सोपविताना त्यासाठी लागणारी वस्तू अथवा माहितीही आपण त्या माणसाच्या स्वाधीन करतो. परंतु ती स्वाधीन करण्याची रीत मात्र सर्वत्र एकच नसते. जमिनीची नोंद पाहावयाची असेल, तर महसूल खात्याचे मूळ दप्तर कोणी आपल्या हाती देत नाही. त्याचा उतारा मिळतो. त्या उताऱ्यावर शाई सांडली, किंवा एखादा आकडा कोणी खोडला, तरी दप्तरातील नोंदीला यत्किंचितही धक्का लागत नाही. रंगाऱ्याचे तसे नाही. त्याला घराचे छायाचित्र देऊन भागत नाही; घराचा पत्ताच द्यावा लागतो. तो त्या पत्त्यावर जातो, आणि जे काही बरेवाईट करतो ते प्रत्यक्ष आपल्या घराचे करतो.

नक्कल द्यावी की पत्ता द्यावा, हा प्रश्न केवळ माणसामाणसांतील व्यवहारापुरता नाही. संगणकाला काम सांगणाऱ्यांपुढेही तो नित्य उभा असतो. तेथे पहिल्या रीतीला 'मूल्याने देणे' आणि दुसरीला 'संदर्भाने देणे' असे म्हणतात. इंग्रजीत त्यांची नावे 'कॉल बाय व्हॅल्यू' आणि 'कॉल बाय रेफरन्स' अशी आहेत. नावे जड वाटली तरी त्यांच्यामागील कल्पना उताऱ्याइतकी आणि पत्त्याइतकीच साधी आहे. मात्र तिच्याकडे दुर्लक्ष केले तर केवढा घोटाळा होऊ शकतो, हे या पाठात आपण पाहू.

प्रथम संगणक काम कसे करतो ते थोडक्यात समजून घेतले पाहिजे. संगणक हा अत्यंत आज्ञाधारक सेवक आहे. पण 'धन्याच्या मनात काय असेल' याचा विचार तो करीत नाही. त्याला जे सांगावे तेवढेच तो करतो. त्याला क्रमाने दिलेल्या आज्ञांच्या मालिकेला आज्ञावली किंवा प्रोग्राम म्हणतात. एकाच आज्ञावलीत काही कामे पुनःपुन्हा करावी लागतात. कोठे वर्गमूळ काढावयाचे असते, कोठे संख्या चढत्या क्रमाने लावावयाच्या असतात. दर वेळी त्याच आज्ञा नव्याने लिहीत बसण्यापेक्षा त्या एकदाच लिहून त्यांना एक नाव द्यावे, आणि गरज पडेल तेव्हा त्या नावाने हाक मारावी, हे केव्हाही सोयीचे. अशा नाव दिलेल्या छोट्या आज्ञासमूहास फंक्शन म्हणतात.

ही कल्पना संगणकाच्या बाल्यावस्थेतच जन्मास आली. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला 'एडसॅक' हा संगणक १९४९ साली काम करू लागला. मूळ आज्ञावली सोडून यंत्राने अशा छोट्या आज्ञासमूहाकडे जावे आणि तेथील काम संपताच बरोबर जेथून निघाले तेथे परत यावे, यासाठी डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने त्या यंत्रावर एक सुटसुटीत युक्ती योजिली. पुढे १९५१ साली विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी या विषयावर ग्रंथही प्रसिद्ध केला. आजच्या फंक्शनचे पूर्वज ते हेच.

आता फंक्शनला नुसती हाक मारून चालत नाही. 'वर्गमूळ काढ' असे म्हटले की 'कोणत्या संख्येचे?' हे सांगावेच लागते. फंक्शनला काम करण्यासाठी जी संख्या, यादी किंवा मजकूर आपण देतो, त्यास आर्ग्युमेंट अशी संज्ञा आहे. हे आर्ग्युमेंट कसे द्यावयाचे, हाच आपल्या पाठाचा विषय होय.

संगणकाची स्मृती ही एका प्रचंड कपाटासारखी असते, अशी कल्पना करा. त्या कपाटाला असंख्य कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्यावर एक क्रमांक लिहिलेला आहे. तो क्रमांक म्हणजे त्या कप्प्याचा पत्ता. कप्प्यात जे ठेविले आहे ते त्याचे मूल्य. क्रमांक ध्यानात ठेवणे माणसाला अवघड जाते, म्हणून आपण काही कप्प्यांना नावांच्या चिठ्ठ्या चिकटवितो. अशा नाव दिलेल्या कप्प्याला चल म्हणतात; कारण त्यातील मूल्य बदलू शकते. नाव, पत्ता आणि मूल्य या तीन गोष्टी परस्परांहून भिन्न आहेत. यांची गल्लत केली नाही, म्हणजे पुढील विवेचन समजण्यास मुळीच कठीण नाही.

आता एक उदाहरण घेऊ. कप्पा क्रमांक ५०१ याचे नाव 'अ' असून त्यात ७ ही संख्या आहे. कप्पा क्रमांक ५०२ याचे नाव 'ब' असून त्यात ९ ही संख्या आहे. या दोन संख्यांची परस्परांत अदलाबदल करावयाची आहे. त्यासाठी आपण 'अदलाबदल' नावाचे फंक्शन लिहिले. एका पेल्यात दूध आणि दुसऱ्यात ताक असता त्यांची अदलाबदल करण्यास ज्याप्रमाणे तिसरा रिकामा पेला लागतो, त्याचप्रमाणे या फंक्शनलाही एक तिसरा कप्पा लागेल. म्हणून फंक्शनचे स्वतःचे तीन कप्पे आहेत असे धरू. ८०१ या कप्प्याचे नाव 'क', ८०२ याचे नाव 'ड', आणि ८०३ हा तिसऱ्या पेल्याचे काम करणारा रिकामा कप्पा.

पहिल्या रीतीने, म्हणजे मूल्याने, आर्ग्युमेंट दिले तर काय घडते ते पाहू. हाक मारताच 'अ' मधील ७ या संख्येची नक्कल 'क' मध्ये येते आणि 'ब' मधील ९ या संख्येची नक्कल 'ड' मध्ये येते. फंक्शन कामाला लागते. 'क' मधील ७ ते ८०३ मध्ये ठेविते. 'ड' मधील ९ 'क' मध्ये आणते. आणि ८०३ मधील ७ 'ड' मध्ये ठेविते. आता 'क' मध्ये ९ आणि 'ड' मध्ये ७ आहे. अदलाबदल बिनचूक झाली. काम संपले, फंक्शनने आपले तीनही कप्पे मोकळे केले, आणि यंत्र मूळ आज्ञावलीकडे परतले. आपण उत्सुकतेने 'अ' उघडून पाहतो, तो त्यात ७ च! 'ब' मध्येही पूर्वीप्रमाणेच ९. फंक्शनने कामचुकारपणा केला असे म्हणता येत नाही. त्याने सांगितलेले काम तंतोतंत केले. फक्त ते नकलेवर केले. उताऱ्यावरील आकडे खोडल्याने दप्तरातील नोंद बदलावी, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता.

आता दुसरी रीत पाहू. या वेळी 'क' मध्ये ७ ही संख्या न पाठविता ५०१ हा पत्ता पाठविला, आणि 'ड' मध्ये ५०२ हा पत्ता पाठविला. फंक्शनला आज्ञाही तशीच दिली: 'क मध्ये लिहिलेल्या क्रमांकाच्या कप्प्याकडे जा, तेथील मूल्य ८०३ मध्ये ठेव. ड मध्ये लिहिलेल्या क्रमांकाच्या कप्प्याकडे जा; तेथील मूल्य उचलून पहिल्या कप्प्यात आण. नंतर ८०३ मधील मूल्य दुसऱ्या कप्प्यात ठेव.' फंक्शन ५०१ कडे गेले, ५०२ कडे गेले, आणि प्रत्यक्ष त्या कप्प्यांतील संख्याच त्याने बदलल्या. काम संपवून यंत्र परतले तेव्हा 'अ' मध्ये ९ होते आणि 'ब' मध्ये ७ होते. रंगारी घरी जाऊन घर रंगवून आला.

एवंच, दोन्ही रीतींतील भेद एका वाक्यात सांगता येतो. मूल्याने दिले असता फंक्शनच्या हाती नक्कल पडते आणि मूळ वस्तू सुरक्षित राहते. संदर्भाने दिले असता फंक्शनच्या हाती मूळ वस्तूपर्यंत पोचण्याची वाट येते, आणि त्याबरोबरच ती बदलण्याची सत्ताही येते.

ही सत्ता अनवधानाने दुसऱ्याच्या हाती गेली, तर काय होते याचे एक उदाहरण संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील आयबीएम या कंपनीत 'फोर्ट्रान' ही भाषा तयार केली. ती १९५७ साली उपयोगात आली. गणिती सूत्रांसारख्या वाक्यांनी संगणकाला आज्ञा देता येऊ लागल्यामुळे शास्त्रज्ञांची मोठीच सोय झाली. पुढील वर्षी आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत स्वतंत्र छोटे आज्ञासमूह लिहिण्याचीही सोय झाली. माणसाने लिहिलेल्या आज्ञांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस कंपायलर म्हणतात. फोर्ट्रानचे जुने कंपायलर बहुधा आर्ग्युमेंटचा पत्ताच पाठवीत असत. चलाचा पत्ता पाठविला तर ठीकच. पण कित्येकदा चलाऐवजी २ किंवा १० अशी साधी संख्याच आर्ग्युमेंट म्हणून लिहिलेली असे. ती संख्याही स्मृतीतील कोणत्यातरी कप्प्यात ठेविलेली असल्यामुळे त्या कप्प्याचा पत्ता फंक्शनकडे जाई.

समजा, एखादे फंक्शन त्याला दिलेल्या संख्येत १ मिळवून ती तेथेच ठेवणारे आहे. त्याला २ ही संख्या दिली. फंक्शन त्या कप्प्याकडे गेले, त्याने तेथील २ मध्ये १ मिळविला, आणि त्या कप्प्यात ३ लिहून ठेविले. झाले! त्यानंतर आज्ञावलीत जेथे जेथे २ लिहिलेले असेल तेथे तेथे यंत्र तोच कप्पा उघडी आणि त्यातून ३ बाहेर काढी. दोन अधिक दोन म्हणावे, तर उत्तर सहा यावे! आज्ञावली लिहिणारा बिचारा आपली प्रत्येक ओळ डोळ्यांत तेल घालून तपाशी. त्याला सर्वत्र २ च दिसे. चूक त्या ओळीत नव्हतीच. ती फार पूर्वी, दुसऱ्याच ठिकाणी, एका अनोळखी फंक्शनला पत्ता देताना झालेली होती. म्हणूनच अशी चूक शोधून काढणे कठीण जाते.

अशा अनुभवांतून जाणत्या मंडळींना कळून चुकले की, आर्ग्युमेंट कसे द्यावयाचे हे कंपायलरच्या मर्जीवर सोडू नये. भाषेनेच ते स्पष्ट करावे. १९६० च्या जानेवारी महिन्यात पॅरिस येथे निरनिराळ्या देशांचे तेरा तज्ज्ञ एकत्र जमले, आणि त्यांच्या विचारविनिमयातून 'अल्गोल ६०' ही भाषा सिद्ध झाली. तिच्या अहवालात आर्ग्युमेंट देण्याच्या दोन रीती नियम म्हणून लिहिल्या गेल्या. त्यांपैकी एक मूल्याने देण्याची होती. दुसरी 'नावाने' देण्याची असून, ती आज फारशी प्रचारात राहिलेली नाही. १९७० साली निकलाउस विर्थ यांनी 'पास्कल' ही भाषा जगापुढे ठेविली. तीत आर्ग्युमेंटच्या नावापूर्वी 'व्हार' हा छोटासा शब्द लिहिला तर ते संदर्भाने जाते. न लिहिला तर मूल्याने जाते. वाचणाऱ्याला त्या एका शब्दावरून कळते की, हे फंक्शन मूळ वस्तूला हात लावू शकेल.

त्याच सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी 'सी' ही भाषा घडविली. तिचा नियम याहून करारी आहे. 'सी' भाषेत प्रत्येक आर्ग्युमेंटची नक्कलच जाते. मूळ वस्तू बदलावयाची असेल, तर आज्ञावली लिहिणाऱ्याने स्वतः त्या वस्तूचा पत्ता काढून तो पाठवावा. पत्ता हीही अखेर एक संख्याच. तिची नक्कल फंक्शनकडे जाते आणि त्या नकलेच्या आधारे फंक्शन मूळ कप्प्यापर्यंत पोचते. या नियमाला अपवाद वाटावा अशी एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'सी' भाषेत अनेक संख्यांची ओळ, म्हणजे ॲरे, फंक्शनला दिली असता त्या संपूर्ण ओळीची नक्कल होत नाही. तिच्या पहिल्या कप्प्याचा पत्ता तेवढा जातो. नवशिके येथे हटकून अडखळतात.

अशा ठिकाणी अडखळल्याने होणारी हानी किती मोठी असू शकते, हे तुमच्या परिचयाच्या उदाहरणाने सांगतो. समजा, एका शाळेचे गुणपत्रक संगणकावर तयार करावयाचे आहे. संगणकात दोन याद्या आहेत. एकीत विद्यार्थ्यांचे क्रमांक १ ते ५ आहेत. दुसरीत त्याच क्रमाने त्यांचे गुण आहेत: ७२, ४५, ९०, ३८ आणि ६०. आता वर्गाचा मध्यक काढावयाचा आहे. मध्यक म्हणजे सर्व गुण चढत्या क्रमाने लाविले असता अगदी मधोमध येणारी संख्या. त्यासाठी कोणीतरी 'मध्यक काढ' हे फंक्शन लिहून ठेविले आहे. आपण त्याला गुणांची यादी संदर्भाने दिली. फंक्शनने ती यादी चढत्या क्रमाने लाविली: ३८, ४५, ६०, ७२, ९०. मधली संख्या ६०. तेवढे उत्तर त्याने आपणांस कळविले. उत्तर अगदी बरोबर आहे.

परंतु मागे काय घडले आहे ते पाहा. चढता क्रम लाविताना फंक्शनने आपली मूळ यादीच हलविली. क्रमांकांची यादी मात्र होती तशीच राहिली. आता गुणपत्रके छापली तर पहिल्या विद्यार्थ्याला त्याचे ७२ गुण न मिळता ३८ मिळतील. तिसऱ्याचे ९० गुण जाऊन त्याच्या पदरी ६० पडतील. चौथ्याला ३८ असताना ७२ दिसतील, आणि पाचव्याला ६० च्या जागी ९०. दुसऱ्याचे ४५ तेवढे योगायोगाने जागच्या जागी राहतील. यात अधिक वाईट गोष्ट अशी की, वरवरच्या तपासणीत ही चूक सापडणारही नाही. गुणांची बेरीज पूर्वीही ३०५ होती, आताही ३०५ च आहे. सरासरी पूर्वीही ६१ होती, आताही ६१ च आहे. सर्वांत जास्त गुण ९०, सर्वांत कमी ३८, तेही तसेच. सर्व आकडे जुळतात, आणि तरीही पाचांपैकी चार मुलांचे निकाल चुकलेले असतात. ज्या मुलाने वर्षभर परिश्रम करून ९० गुण मिळविले, त्याच्या दृष्टीने ही केवळ यंत्रविद्येतील बारीकशी बाब राहत नाही. तो त्याच्यावर झालेला अन्याय असतो.

मग कोणी विचारील, 'इतका धोका असेल तर पत्ता द्यावाच कशाला? सर्व काही नकलेनेच द्यावे.' हा प्रश्न रास्त आहे. पण त्याला उत्तरही आहे. एक तर काही कामे मूळ वस्तू बदलण्यासाठीच असतात. आपण पाहिलेली अदलाबदल हे त्यांतलेच काम. दुसरे असे की, नक्कल करण्यालाही श्रम पडतात आणि जागा लागते. एखाद्या यादीत दहा लाख संख्या आहेत आणि प्रत्येक संख्येला ८ बाईट जागा लागते, असे समजा. तिची नक्कल करावयाची म्हणजे ८० लाख बाईट इतकी जागा नव्याने अडवावयाची आणि तेवढे सगळे लिहून काढावयाचे. उलट आजच्या सर्वसाधारण संगणकात पत्ता अवघ्या ८ बाईटांत मावतो. एकाच यादीवर हजार वेळा काम करावयाचे असेल तर हा फरक किती मोठा होईल याचा हिशेब तुम्हीच करा. तात्पर्य, नकलेत सुरक्षितता आहे पण खर्च आहे. पत्त्यात काटकसर आहे पण जोखीम आहे.

अलीकडच्या काही भाषांत या दोन रीतींचे एक मिश्र रूप आढळते. त्याविषयी विद्यार्थ्यांच्याच काय, पण शिकलेल्यांच्याही मनात पुष्कळदा संभ्रम असतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेली 'पायथन' आणि १९९५ साली आलेली 'जावा' या त्यांपैकी प्रमुख होत. पायथनमध्ये, आणि साध्या संख्यांसारखी मूल्ये वगळता जावामध्येही, चलाच्या कप्प्यात वस्तू नसते. वस्तू जेथे आहे तेथला पत्ता लिहिलेली चिठ्ठी असते. फंक्शनला हाक मारताना त्या चिठ्ठीची नक्कल जाते.

हे नीट समजण्यासाठी शाळेतील एखादे कपाट डोळ्यांपुढे आणा. तुमच्याजवळ चिठ्ठी आहे: 'वही १२ क्रमांकाच्या कप्प्यात आहे.' मैत्रिणीला वही हवी आहे, म्हणून तुम्ही तशीच दुसरी चिठ्ठी लिहून तिला दिली. तिने बारावा कप्पा उघडून त्या वहीत दोन ओळी लिहिल्या, तर त्या तुम्हांलाही दिसतील; कारण दोघींच्या चिठ्ठ्या निरनिराळ्या असल्या तरी वही एकच आहे. पण समजा, तिने वहीला हात न लाविता स्वतःच्या चिठ्ठीवरील १२ हा आकडा खोडून तेथे २० लिहिला, आणि विसाव्या कप्प्यातील वहीत लिहू लागली. तर तुमच्या चिठ्ठीवर १२ च राहील, आणि तुमच्या वहीला काहीही होणार नाही.

पायथन भाषेत नेमके हेच घडते. फंक्शनने त्याला मिळालेल्या यादीत नवी संख्या घातली, तर ती हाक मारणाऱ्याला दिसते. ते बाराव्या कप्प्यातील वहीत लिहिणे झाले. पण फंक्शनने आपल्या चलाला निराळीच यादी नेमून दिली, तर हाक मारणाऱ्याच्या यादीला धक्का लागत नाही. ते चिठ्ठीवरील आकडा बदलणे झाले. वस्तूत बदल करणे आणि चिठ्ठी बदलणे यांतील भेद ज्याने ओळखला, त्याला या भाषांचे वागणे लहरी वाटत नाही. या रीतीला 'वाटून घेणे' अशा अर्थाचे नाव बार्बरा लिस्कोव्ह या विदुषीने १९७० च्या दशकात आपल्या 'क्लू' या भाषेचे वर्णन करताना दिले. संगणकशास्त्रातील अत्यंत मानाचा समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना २००८ सालासाठी मिळाला.

आता राहिला प्रश्न सावधगिरीचा. जोखीम टाळण्यासाठी भाषांनी आणि आज्ञावली लिहिणाऱ्यांनी काही चांगल्या प्रथा घालून दिल्या आहेत. पहिली प्रथा अशी की, आर्ग्युमेंट कशासाठी दिले आहे हे आधीच लिहून ठेवावे. फोर्ट्रानच्या पुढील 'फोर्ट्रान ९०' या आवृत्तीत ही सोय आहे. हे आर्ग्युमेंट केवळ आत नेण्यासाठी, हे केवळ बाहेर आणण्यासाठी, आणि हे दोन्हींसाठी, असे तेथे स्पष्ट सांगता येते. केवळ आत नेण्यासाठी दिलेल्या आर्ग्युमेंटमध्ये फंक्शन उघड बदल करू लागले, तर कंपायलर ते अडवितो. ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांच्या 'सी प्लस प्लस' या भाषेत पत्ता देतानाच 'कॉन्स्ट' हा शब्द लिहिता येतो. त्याचा आशय, 'पाहा, वाचा. पण बदलू नका,' असा आहे. त्यामुळे नकलेचा खर्चही वाचतो आणि मूळ वस्तूही सुरक्षित राहते. ग्रंथालयात बसून दुर्मिळ ग्रंथ वाचावयास मिळतो, पण त्यावर खूण करू देत नाहीत, तशातलाच हा प्रकार.

दुसरी प्रथा अशी की, मूळ वस्तू बदलणारे फंक्शन आणि नवी वस्तू करून देणारे फंक्शन ही निरनिराळी ठेवावीत, आणि त्यांच्या वागण्यावरून ती ओळखू यावीत. पायथन भाषेत याचा सुरेख नमुना आहे. तेथे क्रम लावण्याच्या दोन सोयी आहेत. 'सॉर्टेड' हे फंक्शन मूळ यादीला हात न लाविता क्रम लावलेली नवी यादी तयार करून देते. 'सॉर्ट' मात्र मूळ यादीचाच क्रम बदलते, आणि उत्तरादाखल कोणतीही यादी परत देत नाही. आपण मूळ वस्तूवर काम केले आहे याची आठवण वापरणाऱ्याला राहावी, म्हणून ही योजना मुद्दाम केलेली आहे. गुणपत्रकाच्या उदाहरणात 'मध्यक काढ' या फंक्शनने आत पहिली सोय वापरली असती, तर मध्यक ६० च आला असता आणि पाचही मुलांचे गुण आपापल्या जागी राहिले असते. एका शब्दाचाच काय तो फरक.

तिसरी गोष्ट प्रथेपेक्षा सवयीची आहे. दुसऱ्याने लिहिलेले फंक्शन वापरताना ते कोणते उत्तर देते एवढेच पाहून थांबू नये. आपण दिलेल्या वस्तूचे ते काय करते, हेही विचारावे. आणि आपण स्वतः फंक्शन लिहीत असू तेव्हा त्याहून अधिक जपावे. आपल्या हाती आलेली वस्तू नक्कल आहे की कोणाची मूळ वस्तू आहे, हे आधी ठरवावे. मूळ असेल, आणि ती बदलण्याचे काम आपणांस सांगितलेले नसेल, तर तिला बोट लावू नये. फारच गरज पडली तर आपल्यापुरती नक्कल करून घ्यावी आणि तिच्यावर काम करावे.

विद्यार्थी मित्रहो, संगणकाच्या भाषा बदलत राहतील. आज ज्या भाषा शिकविल्या जातात त्यांच्या जागी उद्या दुसऱ्या येतील, आणि त्यांचे शब्दही निराळे असतील. पण कोणाला काही सोपविताना त्याच्या हाती नक्कल जात आहे की पत्ता जात आहे, हा प्रश्न प्रत्येक नव्या भाषेतही विचारावाच लागेल. यंत्र तो प्रश्न स्वतः होऊन विचारणार नाही. ते मिळेल त्या वस्तूवर निमूटपणे काम करील. तो प्रश्न विचारण्याची जबाबदारी आज्ञा देणाऱ्या माणसाची आहे. दुसऱ्याने विश्वासाने दिलेली वस्तू काम झाल्यावर जशीच्या तशी परत करावी, हा थोरामोठ्यांनी घालून दिलेला धडा आज्ञावली लिहितानाही तितकाच उपयोगी पडतो.